मदत हवी आहे: मुलीचं नाव 'अपाला' ठेवू का?

नमस्कार, आमच्या लेकीला परवा तीन आठवडे पूर्ण झाले आणि बारसं पुढच्या रविवारी आहे. कृत्तिकेचं पहिलं चरण म्हणून अ अक्षर आलंय आणि मला 'अपाला' हे नाव मनापासून आवडलंय. अपाला म्हणजे ऋग्वेदातली ऋषिका, आठव्या मंडलातलं ९१वं सूक्त तिच्या नावावर आहे, इतक्या जुन्या काळात एका बाईचे शब्द जपले गेले हेच मला केवढं मोठं वाटतं.

पण घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात तिच्या गोष्टीत त्वचेचा आजार आहे, नवऱ्याने टाकलं असंही सांगतात, असं नाव बाळाला नको. मला वाटतं तिने स्वतः इंद्राकडे मागितलं आणि ती बरी झाली, हेच तर महत्त्वाचं ना? माझी खरी अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत लिहिलं की लोक 'आपला' वाचतात, हॉस्पिटलच्या नर्सनेही तेच वाचलं, मग शाळेत रोज हजेरीला असंच होणार का, पोरं चिडवतील का याची फार काळजी वाटते. आत्याबाईंना अन्वी आवडतंय, छान आहे, पण आमच्या सोसायटीतच दोन अन्वी आहेत.

जन्मदाखल्यावर नाव घालायला वर्षभर वेळ असतो, पण बारशाला आत्या कानात काय सांगणार ते तर आत्ताच ठरायला हवं. तुमचं किंवा तुमच्या मुलांचं असं वेगळं नाव असेल तर प्लीज खरंखरं सांगा, लहानपणी त्रास झाला का? आणि स्पेलिंगमध्ये जास्तीचा ए टाकला तर उच्चार नीट होईल का?