मेपल सिरपची शेंगदाणा चिक्की तीनदा बिघडली, मदत हवी आहे

मंडळी, चौथ्यांदा गॅस पेटवायच्या आधी विचारते आहे. बरणीत आता जेमतेम दीड कप सिरप उरलंय आणि ते विकत आणलेलं नाही.

आम्ही ओटावात राहतो. शेजारच्या घरात ऐंशी पार केलेले एक आजोबा एकटेच असतात. त्यांच्या परसात शुगर मेपलची चार जुनी झाडं आहेत. मार्चमध्ये रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असं सुरू झालं की ते खोडांना भोकं पाडून बादल्या टांगतात आणि रस अंगणातच चुलीवर आटवतात. रस चाखला तर अगदी पाण्यासारखा लागतो, शेवटी कुठेतरी पुसटशी गोडी. असा ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येतं. दिवसदिवस ते त्या वाफेत उभे असतात.

संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ आणि गुळाची चिक्की नेऊन दिली होती. चिक्की त्यांना फार आवडली, त्यांची बायको नाताळात शेंगदाण्याची ब्रिटल करायची तिची आठवण झाली म्हणाले. एप्रिलच्या सुरुवातीला ते स्वतः दारात आले आणि लिटरभराची काचेची बरणी माझ्या हातात ठेवली. हंगामाच्या अगदी शेवटच्या रसाचं सिरप, रंगाने काकवीसारखं, वासाने भरगच्च.

आता ती बरणी परत द्यायची आहे. माझ्या आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. ही बरणी तर मला त्यांच्याच सिरपच्या चिक्कीने भरून द्यायची आहे, आणि तिला मेपलची चव आली पाहिजे. नाहीतर गुळाचीच केली असती.

आतापर्यंत काय झालं ते सांगते.

पहिल्यांदा पाऊण कप सिरप आणि दीड कप भाजलेले दाणे घेतले. पाक झाला का ते बर्फावर बघितलं. क्युबेकच्या शुगर शॅकमध्ये गरम सिरप बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खातात ना, त्यावरून सुचलं. मागच्या दारी बर्फाचा ढीग होताच. थेंब टाकला, उचलला, टक्कन मोडला. खूश होऊन दाणे घातले, थापलं, वड्या पाडल्या. तासाभरात वड्या एकमेकींना चिकटून एक लगदा झाला. खाल्ली तर दातातून निघेना.

दुसऱ्यांदा जास्त वेळ आटवलं आणि गुळाच्या पाकासारखं उलथन्याने सारखं हलवत राहिले. दाणे घातल्यावर पाक एकदम पांढरट पडला आणि कढईतच रेती झाली. चव सुरेख, मेपलची अगदी खरी, पण चिक्की म्हणून काही धरेना. ते सगळं डब्यात तसंच आहे.

तिसऱ्यांदा थर्मामीटर आणला. कुठेतरी १५० अंश सेल्सिअस वाचलं होतं. मोठ्या कढईत पाऊण कप सिरप घातलं, आच मोठी ठेवली. काटा १३५ वर रेंगाळत होता आणि तेवढ्यात धूर आला. कडक झाली हो, पण कडू. मेपल गेलं आणि जळकी साखर राहिली.

तर नुसत्या मेपल सिरपची चिक्की होते का, की साखर मिसळावीच लागते? पाक नेमका कुठे थांबवायचा? आणि तेवढा तापवूनही वास कसा राखायचा? ज्यांनी केली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

अगं, बर्फावर बघितलंस तिथेच फसलीस. बर्फावर काहीही कडक होतं. पाणी माठातलं घ्यायचं, फ्रिजमधलंसुद्धा नको. वाटीत पाणी घे, थेंब सोड, दहा आकडे मोज, मग बाहेर काढून दाताखाली धर. चिकटला तर पाक कच्चा. कुडकन तुटला आणि स्टीलच्या वाटीत टाकल्यावर टण् वाजला की झाला. पन्नास वर्षं मी असाच बघते आहे, आमच्या घरात थर्मामीटर फक्त तापाचा.

दाणे मंद आचेवर खरपूस भाज, सालं काढून पाखडून घे, पाकळ्या कर. आणि पाकात घालताना ते गरम हवेत. गार दाणे पडले की पाक तिथल्या तिथे आळतो, मग थापायला वेळ मिळत नाही. ताटाला आणि लाटण्याला तूप आधीच लावून ठेव. पाक झाल्यावर धावाधाव नको.

मेपलचं मला माहीत नाही, पण एक विचारते. ऐंशीच्या माणसाला द्यायची आहे ना? त्यांचे दात कसे आहेत? आमच्या सासऱ्यांसाठी मी अख्खे दाणे घालत नसे. जाडसर कूट करून पापडासारखी पातळ लाटायची. तोंडात विरघळते.

साखरकण

मी काही वर्षं गोळ्या-चॉकलेटं बनवणाऱ्या कारखान्यात पाकावरच काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मेपल सिरप म्हणजे साधारण दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, आणि ती साखर जवळजवळ सगळी आपली नेहमीचीच, सुक्रोज. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही बऱ्यापैकी असतात. ते सुक्रोजच्या कणांना रांगेत बसू देत नाहीत, म्हणून गुळाचा पाक कितीही घोटला तरी सहसा रेती होत नाही. मेपल सिरपला हे संरक्षण फार थोडं असतं. तुम्ही ते गुळासारखं हलवलंत आणि त्याने साखरेचा दाणा धरला. दुसऱ्या वेळचं उत्तर एवढंच.

आता गंमत अशी की शेवटच्या रसाच्या गडद सिरपमध्ये ग्लुकोज-फ्रुक्टोज फिक्या सिरपपेक्षा जास्त असतं. दाणा धरायला त्याने पुरेसा अटकाव होत नाही, पण फ्रुक्टोज लवकर करपतं आणि हवेतलं पाणीही ओढतं. म्हणजे दिलेलं सिरप चवीला सर्वात उत्तम आणि चिक्कीला सर्वात अवघड.

त्यामुळे नुसत्या सिरपच्या मागे लागू नका. १ कप सिरप, १ कप साखर आणि पाव कप कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला ग्लुकोजचा पाक) घ्या. कॉर्न सिरप रेती होऊ देणार नाही. तुमच्याकडे ते कुठल्याही दुकानात मिळेल. साखर विरघळेपर्यंतच हलवा, नंतर चमचा बाहेर. कडेला साखरेचे कण चिकटले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा, एक कण पडला तरी सगळा पाक बिघडू शकतो.

पातेलं उंच घ्या, पाकाच्या निदान चौपट मोठं. मेपल सिरप दुधासारखं उतू येतं. फेस चढला की तुपाचा एक थेंब टाका, लगेच बसतो. तिसऱ्या वेळी सिरप थोडं आणि कढई रुंद, म्हणजे थर्मामीटरचं टोक पाकात पूर्ण बुडालंच नसणार. तो १३५ दाखवत होता तेव्हा तळाचा पाक केव्हाच पुढे गेला होता. टोक बुडलेलं हवं आणि तळाला टेकलेलं नको. एकदा उकळत्या पाण्यात धरून १०० दाखवतो का तेही बघा.

थांबायचं १४६ ते १४९ च्या मध्ये. ११० ते १२० पर्यंत वाटेल की काही होतच नाही, कारण अजून पाणी उडत असतं. १३० नंतर आच मंद करा आणि तिथून हलू नका. मेपल टॉफी, म्हणजे तुम्ही म्हणता ती बर्फावर ओतून खायची, ११२-११४ च्या आसपास होते, तुमची पहिली चिक्की त्याच्या जराच पुढे पोचली असावी.

उतरवल्यावर अर्धा चमचा खायचा सोडा घाला. पाक फुलतो, आत बारीक जाळी पडते आणि चिक्की खुसखुशीत होते. कृष्णाकाठ म्हणताहेत त्या दातांच्या काळजीलाही हे चांगलं. सोडा चाळून घाला, गुठळी राहिली तर कडवट लागते. चिमूटभर मीठही विसरू नका.

सातीआसरा

एक बाजूचा प्रश्न. नाशिकला मेपल सिरप मिळतं, पण किंमत बघून हात मागे येतो. एक ‘मेपल फ्लेवर’ लिहिलेलं स्वस्त सिरप आहे. ते चालेल का?

साखरकण

त्यावरचे घटक वाचा. बहुधा कॉर्न सिरप, रंग आणि वास, मेपल नावालाही नसतं. चिक्कीत ते घालण्यापेक्षा साखरेचा पाक करून शेवटी दोन थेंब मेपल इसेन्स घातलेला बरा.

आणि तो वास तुमच्या मिसळणाच्या डब्यातच आहे. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचा पदार्थ असतो, मेपल सिरपच्या वासातही तोच. कृत्रिम मेपल फ्लेवर करताना मेथीचा अर्क वापरतात. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा वास सुटायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये शोध लागला, तो वास नदीपलीकडे न्यू जर्सीत मेथीदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून येत होता. म्हणून चिक्कीत मेथी घालू नका मात्र, कडू होईल.

मूळ धागाकर्ती

कृष्णाकाठकाकू, साखरकण, किती मनापासून लिहिलंत! मेथीचं वाचून उठून डबा उघडला. आमच्या बाळंतपणातल्या मेथीच्या लाडवांना जो वास येतो तोच, अगदी तोच. इतकी वर्षं नाकाशी होता आणि ओळखला नाही.

शनिवारी करते. एक शंका राहिली. सिरपइतकीच साखर घातली तर मेपलची चव निम्मी नाही का होणार?

साखरकण

थोडी कमी होणार. पण तुमचं सिरप गडद आहे, त्याची चव एवढी साखर पेलते. वरून मेपल शुगर भुरभुरली तर आणखी छान, कारण ती पुन्हा तापत नाही. आणि ती तुमच्याकडे तयार आहे. दुसऱ्या वेळची रेती म्हणजे दाणे घातलेली मेपल शुगरच. टाकली नसेल तर खलबत्त्यात कुटून ठेवा.

वाफाळता

टोरोंटोहून लिहितो. आधी आजोबांना दाण्याची अॅलर्जी नाही ना एवढं बघा, ब्रिटल खायचे म्हणजे नसावीच. पण उरलेली मुलांच्या डब्यात मात्र देऊ नका. इथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाणा चालत नाही.

मूळ धागाकर्ती

झाली! सगळं सांगते, पुढे कुणाला उपयोग होईल.

१ कप सिरप, १ कप साखर, पाव कप कॉर्न सिरप, दोन कप दाणे. काकूंचं ऐकून दाण्यांचं जाडसर कूट केलं आणि ते मंद ओव्हनमध्ये गरम ठेवलं. पातेलं घेतलं पाच लिटरचं, तरी फेस निम्म्यावर चढला. तुपाचा थेंब पडताच कुणीतरी गप्प बसवल्यासारखा खाली गेला.

काटा ११० च्या पुढे हलायलाच तयार नव्हता. मागच्या वेळी धीर नव्हता म्हणून मी आच मोठी ठेवली होती. यावेळी हात मागे बांधून उभी राहिले. १२५ नंतर बुडबुडे बदलले. आधी मोठे, भराभर फुटणारे होते, ते बारीक आणि जड झाले, मधासारखे संथ फुटायला लागले. १३० ला आच मंद केली. १४० ला नळाच्या साध्या पाण्यात थेंब टाकला, दाताला किंचित चिकटला. १४७ ला पुन्हा टाकला, कुडकन तुटला, आणि वाटीत टाकला तर टण्! थर्मामीटर आणि काकू एकाच वेळी हो म्हणाले.

उतरवून सोडा, मीठ आणि कूट घातलं. पाक फसफसून काकवीच्या रंगाचा होता तो ताकातल्या पिठल्यासारखा पिवळसर तपकिरी झाला. बटर पेपरवर ओतला, वर दुसरा कागद ठेवून लाटला. मिनिटभरच मिळतो, नंतर लाटणं सरकत नाही. वरचा कागद काढून कुटलेली मेपल शुगर भुरभुरली आणि हलक्या हाताने दाबली. गार झाल्यावर उचलली तर पापडासारखी आवाज करत तुटली.

एक तुकडा मुद्दाम ओट्यावर उघडा ठेवला होता, सकाळी तो बोटाला चिकटत होता. गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचीच, थरांमध्ये कागद घालून. उन्हाळ्यातल्या दमट हवेत तर मी करणारच नाही.

काल संध्याकाळी बरणी नेऊन दिली. आजोबांनी झाकण काढलं, पण तुकडा लगेच उचलला नाही. आधी बरणी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, “लास्ट रन.”