जिममधली स्मिथ मशीन आणि एकट्याने चेस्ट प्रेस

सी-३०१: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या जिममध्ये बार पट्ट्यांतून वर-खाली सरकतो ती मशीन आहे ना, स्मिथ मशीन, तिच्यावर पहाटे एकट्याने चेस्ट प्रेस केला, म्हणजे बेंचवर झोपून बार छातीपासून वर ढकलला, तर चालेल का? मोकळ्या बारने करायच्या साध्या बेंच प्रेसला डोक्याशी कोणीतरी उभं लागतं आणि त्या वेळेला जिममध्ये कोणी नसतं. वय ५४, बीपीची गोळी चालू आहे.

ए-१०४: बिनधास्त करा काका. बार पट्ट्यांतच अडकलेला असतो, पडणार कुठे?

बी-५०२: काका, जरा थांबा. दादा, बार बाजूला कलंडत नाही हे बरोबर, पण खाली तर येतोच ना. हात थकले की तो सरळ छातीवर येऊन बसतो. मोकळा बार निदान एका बाजूला कलवून वजनाच्या प्लेट्स सोडून देता येतात, इथे पट्ट्यांमुळे तेही जमत नाही. फिजिओथेरपीचं काम करते म्हणून कळकळीने सांगते, या मशीनवर जीव वाचवतात ते खालचे दोन सेफ्टी स्टॉपर. ते नीट लावले नसतील तर एकट्याने त्या बारखाली झोपू नका.

सी-३०१: स्टॉपर म्हणजे ते दोन्ही बाजूंचे काळे ठोकळे? मला वाटलं ते फक्त बार ठेवायला आहेत.

बी-५०२: बार ठेवायला हुक असतात काका. मनगट फिरवलं की हुक खाचेत बसतो. ठोकळे वेगळे, ते बारला ठरावीक उंचीच्या खाली येऊ देत नाहीत. आधी प्लेट न लावता रिकाम्या बारखाली झोपा. छाती किंचित उचलून, व्यायाम करताना असते तशी ठेवा आणि बार जिथपर्यंत आणायचा तिथपर्यंत आणा, आणि ती उंची बघून ठोकळे तिथे लावा. आता अंग सैल सोडून पाठ सपाट करा. तेव्हा बारचा भार ठोकळ्यांवर राहिला पाहिजे आणि तुम्हाला खालून सहज सरकून बाहेर येता आलं पाहिजे. नवीन आहात तर ठोकळे छातीच्या दोन बोटं वरच ठेवा, काही बिघडत नाही. दोन्ही बाजू एकाच खाचेत आहेत ना, ते मोजून बघा. आपल्याकडे स्क्वॅट (बार खांद्यावर घेऊन उठाबशा) करणारे ठोकळे तळाला नेऊन ठेवतात, त्यामुळे आदल्या दिवशी लावले होते म्हणून आज असतीलच असं धरून चालू नका.

डी-२०२: ताई, मी करते तेव्हा खांद्याला पुढच्या बाजूने चिमटल्यासारखं होतं. वजनही फार नसतं.

बी-५०२: बेंच कुठे ठेवता? बार गळ्याच्या जवळ येतो का?

डी-२०२: हो, खांद्याच्या रेषेत येतो.

बी-५०२: मग बहुतेक तिथेच गडबड आहे. मोकळ्या बारला आपण नकळत तिरकं नेतो, खाली छातीच्या खालच्या भागाशी आणि वर खांद्यांवर. स्मिथ मशीनचा बार ठरलेल्या रेषेतच चालतो, तो तुमच्यासाठी वळणार नाही. त्यामुळे बेंच सरकवून आपल्यालाच त्याच्याखाली नीट झोपावं लागतं. बार खाली आला की तो स्तनाग्रांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवा, आणि त्या क्षणी समोरून पाहिलं तरी बाजूने पाहिलं तरी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसायला हवा. बार गळ्याकडे येत असेल तर कोपरं खांद्याच्या रेषेत फाकतात आणि खांद्याचा सांधा पुढून दाबला जातो. कोपरं धडापासून साधारण ४५ ते ६० अंशांवर ठेवा. पकड थोडी अरुंद करा आणि चिमटा जिथे सुरू होतो त्याच्या आधीच थांबा. आठवडाभरात फरक पडला नाही तर दाखवून घ्या, रेटू नका.

ए-१०४: आपल्या मशीनच्या पट्ट्या जरा तिरप्या आहेत. डोकं कोणत्या बाजूला?

बी-५०२: छान विचारलंत. पट्ट्या वर जाताना ज्या बाजूला झुकतात, त्या बाजूला डोकं. म्हणजे बार वर जाताना डोक्याकडे जातो, मोकळ्या बारसारखा. मात्र जागा ठरवताना बार छातीपाशी असताना बघा, वर हुकात असताना नाही.

सी-२०३: माझं स्पष्ट मत, हा व्यायाम म्हणजे निम्मा व्यायाम. तोल सांभाळायचं कामच उरत नाही. मोकळा बार किंवा डंबेल्सच करावेत.

बी-५०२: तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना काम कमी पडतं, हे मान्य. पण छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा ट्रायसेप्स यांना पुरेसा भार मिळतो. एकट्याने करायचं तर ठोकळे लावलेली ही मशीन मला बरी वाटते. जोडीला पुश-अप्स ठेवले की झालं. फक्त इथे उचललेलं वजन मोकळ्या बारला तसंच लावायला जाऊ नका. नुसत्या बारचं वजनही मशीनप्रमाणे बदलतं, काहींना आतून प्रतिभार, म्हणजे बार हलका करणारं उलट वजन असतं, त्यामुळे २० किलो गृहीत धरू नका.

सी-३०१: आणि माझ्या बीपीचं काय?

बी-५०२: काका, सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. त्यांनी हो म्हटलं तर एक गोष्ट पक्की ठेवा, श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब त्या क्षणी खूप चढतो. बार खाली आणताना श्वास आत, ढकलताना बाहेर. खाली आणायला दोन-तीन सेकंद घ्या, छातीवर आपटून उसळी घेऊ नका. आधी रिकाम्या बारने १२-१५ वेळा, मग निम्म्या वजनाने, मग नेहमीचं. ८ ते १२ रेप्सचे, म्हणजे सलग तितक्या वेळा ढकलायचे, दोन सेट सुरुवातीला पुरे, आणि अजून दोन-तीन रेप्स सहज निघतील असं वाटत असतानाच थांबा. एकटे असताना शेवटची ताकद बघायची नाही. मध्ये दोन मिनिटं विश्रांती. झाल्यावर झटकन उठू नका, बीपीच्या गोळ्यांमुळे चक्कर येऊ शकते. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, धाप लागणं, असं काही जाणवलं तर बार तिथेच हुकात अडकवा आणि लगेच मदत बोलवा. फोन हाताशी असू द्या.

डी-२०२: मी अंगठा बारच्या खालून न घेता बोटांसोबतच ठेवते. चालतं का?

बी-५०२: नाही. अंगठा बारभोवती गुंडाळलाच पाहिजे, नाहीतर बार तळहातावरून निसटतो. मनगट मागे मोडू देऊ नका. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याची पाती मागे आणि खाली ओढलेली. शेवटी दोन्हीकडचे हुक बसल्याचं बघितल्याशिवाय हात सोडू नका. एकच बसला तर बार वाकडा अडकतो.

ए-१०४: आत्ता जिममध्ये जाऊन आलो. डावीकडचा ठोकळा खाचेत बसतच नाही, पिन गुळगुळीत झाली आहे. बार टेकवला की घसरतो.

जिम समिती: धन्यवाद. पिन बदलेपर्यंत स्मिथ मशीन बंद ठेवत आहोत. बारला साखळी लावतो आणि पाटी अडकवतो. ठोकळे वापरून झाल्यावर बेंचवर झोपलेल्याच्या छातीच्या उंचीवर आणून ठेवा, असंही त्यावर लिहितो.

बी-५०२: बरं झालं बघितलंत दादा. काका, डॉक्टरांचा होकार आला की पिन बदलेपर्यंत भिंतीला हात टेकून पुश-अप्स सुरू करा. ते जमले की बेंचच्या कडेवर हात ठेवून, बेंच भिंतीला टेकवून. कोपरं आणि श्वास वर सांगितलं तसंच. पिन बदलली की बेंचची जागा लावायला मी खाली येते.

सी-३०१: नक्की ताई. उद्याच डॉक्टरांकडे जातो.