मांजराचा खोकला जात नाहीये, फुफ्फुसात जंत असू शकतात का?

मनीचीआई: आमची मनी 2 वर्षांची, पावसाळ्यात दिवसभर परसात असते, उंदीर पाली काय मिळेल ते खाते. महिनाभर कोरडा खोकला आहे, मान लांब करून खोकते, वजनही उतरलंय. डॉक्टर अस्थमा म्हणाले पण औषधाने फरक नाही, जीव नुसता टांगणीला लागलाय

बोकोबा: हो असू शकतात, आमच्या बोक्याला तेच निघालं. हे जंत गोगलगायीत वाढतात, उंदीर, बेडूक, पाल, पक्षी त्या गोगलगायी खातात आणि त्यांना मांजर खातं, असं पोचतं. एक्सरेत अस्थमासारखंच दिसतं म्हणून फसायला होतं. शीची बेअरमन टेस्ट (शी पाण्यात ठेवून त्यातल्या जंतांच्या अळ्या वेगळ्या करून बघतात) करून घ्या, साध्या तपासणीत अळ्या नजरेतून सुटतात, आणि एकदा निगेटिव्ह आली तरी परत करा कारण अळ्या रोज पडत नाहीत

मनीचीआई: औषध काय दिलं? पुढच्या आठवड्यात नसबंदी पण ठरलीय

बोकोबा: फेनबेंडाझोल, डोस वजनावर असतो तो डॉक्टरच ठरवतील. नसबंदी आत्ता नकोच, अशा फुफ्फुसांना भूल झेपत नाही. आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा