मे महिना, पुण्यातच सुट्टी: चार आणि नऊ वर्षांच्या मुलांना कुठे न्यावं?

कर्वेपथ:
यंदा मे महिन्यात बाहेरगावी जाणं नाही. आम्ही कोथरूडला राहतो. मुलं ४ आणि ९ वर्षांची. सोबत सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर सावकाश अर्धा तास चालू शकतात. मॉल आणि गेमझोन नकोत. झाडं, पक्षी, प्राणी, माती असलेली अर्ध्या दिवसाची ठिकाणं हवी आहेत. कुठे, किती वाजता आणि कोणती काळजी घेऊन जावं?

सावलीशोध:
आधी वेळ ठरवा, मग जागा. मे महिन्यात पुण्यात सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ लहान मुलांसाठी धरा. मधल्या वेळात जायचंच असेल तर भिंतीच्या आडोशावर विसंबू नका. १३ मेच्या आसपास दुपारी साधारण १२.३१ ला सूर्य पुण्याच्या बरोब्बर डोक्यावर येतो, म्हणून भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. तेव्हा कामाला येतात पसरलेली झाडं: वड, चिंच, आंबा, वर्षावृक्ष. बहावा आणि गुलमोहर मे महिन्यात सुंदर दिसतात, पण बहावा फुलतो तेव्हा त्यावर पानं जवळपास नसतात आणि गुलमोहराची सावली विरळ. सतरंजी त्यांच्याखाली टाकू नका.

या हिशोबानं पहिली निवड एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सजवळ. जुनी प्रचंड झाडं, जाडजूड वेली, आजींना बसायला जागा आणि बहुतेक वाटा सपाट. रविवार टाळा. ओल्या, दाट सावलीत डास असतात, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला.

पु. ल. देशपांडे उद्यान (सिंहगड रस्ता) जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पाणी, पूल, मासे मुलांना आवडतात. पण हिरवळ मोठी आणि सावली कमी, त्यामुळे ते संध्याकाळीच. खाणंपिणं आधी उरकून जा.

सारसबागेलगतचं पेशवे पार्क फुलराणी या छोट्या आगगाडीसाठी धाकट्याला नक्की आवडेल. गाडी दुरुस्तीसाठी बंद असू शकते, म्हणून त्याला आधी कबूल करू नका.

घाटपायथा:
कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. बुधवारी बंद असतं, हे विसरून फाटकावरून परतणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. उघडताच, म्हणजे साडेनऊच्या सुमारास आत जा आणि बाराच्या आत बाहेर पडा. ऊन चढलं की वाघ, अस्वलं सावलीत किंवा पाण्यात पडून राहतात. मग मुलं रिकाम्या खंदकाकडे बघत किरकिरतात.

परिसर मोठा आहे. आजींना पूर्ण चालवू नका, बॅटरीवरची गाडी घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला सर्पोद्यानात वेळ द्या. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप तिथे शांतपणे समजावता येतात. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. पाणी स्टीलच्या बाटलीत न्या.

कर्वेपथ:
उत्तम माहिती. वेताळ टेकडी जवळ आहे, पण आजींना घेऊन जमेल का? आणि डब्यात काय न्यावं?

टेकडीवाट:
जमेल, चढण टाळली तर. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यानं गाडी बरीच वर जाते, पुढची वाट सौम्य आहे. आजींना जमेल तेवढंच पुढे न्या. सहाला सूर्य उगवतो, तेव्हा वर पोचलेलं असावं आणि साडेआठला उतरायला लागावं.

टेकडीवर या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. विणलेल्या मोज्यांऐवजी गुळगुळीत कापडाची फुल पँट आणि बंद बूट बरे. खाणीतल्या पाण्याजवळ मुलांचा हात धरा, काठ सैल असतो. आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच वळा. अत्तर, धूर, दगड काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत लांब जायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

मुलांना ऐकायला सांगा: तांबटाची एकसुरी टुक-टुक, कोकीळ, मोर आणि मे संपता संपता पावशा. मोठ्याला दुर्बीण द्या. धाकट्याला वाळलेल्या शेंगा आणि बिया गोळा करायला कागदी पिशवी.

पाषाण तलाव पक्ष्यांसाठी सुचवला जातो, पण हिवाळी पाहुणे मे महिन्यात निघून गेलेले असतात. तो डिसेंबरसाठी ठेवा.

दशमीलोणी:
डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात नको, या उन्हात दोन-तीन तासांत आंबतात. काकडी, कलिंगड घरून चिरून नेऊ नका, तिथेच कापा.

चौघांना तीन तासांसाठी चार लिटर पाणी धरा. बाटली पाऊण भरून आडवी गोठवा, काठोकाठ भरली तर फुगते. धाकट्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पाजत राहा; खेळात तहान कळत नाही. घाम फार आला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या, मीठ वाढलं तर त्रास होतो.

घसरगुंडीला आधी हाताची पालथी बाजू लावा. पत्रा आणि काळं रबर, दोन्ही भाजतात.

मूल अचानक गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, उलटी झाली तर लगेच सावलीत, कपडे सैल, मान आणि काखेत ओलं फडकं, घोट घोट पाणी. बरळायला लागलं किंवा डोळे मिटू लागलं तर काही पाजू नका, १०८ ला फोन करा.

सावलीशोध:
दोन गोष्टी राहिल्या. शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे वर सांगितलेल्या १३ मेच्या आसपास, घरच्या गच्चीवर सव्वाबाराला सपाट जागी एक पेला उपडा ठेवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीची कड खडूनं आखा. वीसेक मिनिटांत होतं, मुलांच्या डोक्यावर ओली टोपी मात्र हवीच.

दुसरी वळवाची. मेच्या मध्यानंतर दुपारी चारनंतर ढग चढले की टेकडीवर जायचं नाही. वर असताना गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली थांबू नका, लगेच उतरून गाडीत बसा आणि काचा बंद करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नका.