अनुभव सांगा: अधिकारी म्हणाले ‘सोडा’, तेव्हा तुम्ही काय केलंत?

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. 30 दिवस राजाशिवाय कोणाकडेही काही मागायचं नाही असा हुकूम निघाला आणि हा दानीएल घरी जाऊन यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीपाशी गुडघे टेकतो, तेही दिवसातून 3 वेळा. खिडकी लावून घेतली असती तर देवाने ऐकलं नसतं का? तर विश्वासावरून साहेब, पोलीस, शाळा, सरकार, कोणाशीही गाठ पडली असेल तर लिहा. खिडकी उघडी ठेवलीत की लावलीत तेही सांगा. गावाची आणि माणसांची नावं नकोत प्लीज.

———

आमच्या घरी आठवड्याची प्रार्थना असते, थोडीच कुटुंबं. कोणीतरी निनावी अर्ज टाकला की इथे बळजबरीने धर्म बदलतात, मग काय पोलीस दारात, नेमकं गाणं चालू होतं, पोरं घाबरली, आणि आमचे पाळक, म्हणजे पाद्री, उठून म्हणाले या बसा, शेवटपर्यंत ऐका आणि मग काय विचारायचं ते विचारा. बसले की! नंतर सगळ्यांची नावं लिहून घेतली, आम्ही दिली, लपवायचं काय होतं त्यात. ‘हे बंद करा’ असं लिहून द्या म्हणाले, त्यावर मात्र पाळकांनी हात जोडले. म्हणाले कर भरतो, कायदा पाळतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा सांगणारा बायबलमधला रोमकरांस 13 आम्हालाही पाठ आहे, पण एवढं नाही जमणार.

गंमत म्हणजे साधारण 112 साली प्लिनी या रोमन गव्हर्नरने सम्राट ट्राजानला पत्रातून विचारलेलं की ख्रिस्ती लोकांचं काय करू. ट्राजानचं उत्तर होतं, शोधत फिरू नकोस आणि निनावी आरोप तर घेऊच नकोस. (उगाच कौतुक नको, समोर आणल्यावर जो विश्वास नाकारत नसे त्याला शिक्षा होतीच.) आमच्याकडे तेवढंही नाही.

———

दादा, तुमच्या पाळकांना सलाम, पण ज्याने सही केली त्याचं काय? माझ्या मामाने केली. ऑफिसात साहेब अगदी गोड बोलले, नुसता कागद आहे, मनात काय ते तुमचं तुम्ही ठेवा, आणि घरी मामी आजारी. नोकरी वाचली पण मामा उपासनेला यायचा बंद झाला, कोणी हाकललं नव्हतं, त्यालाच तोंड दाखववेना. मंडळीत दोन तट पडले. एक म्हातारे काका म्हणायचे, आम्ही सोसलं ते काय वेडे म्हणून?

हे भांडण फार जुनं आहे. 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती शास्त्राच्या प्रती जाळायचा हुकूम काढला तेव्हा काहींनी प्रती मुकाट आणून दिल्या, आणि छळ थांबल्यावर अशा बिशपांचं करायचं काय यावरून उत्तर आफ्रिकेतली मंडळी फुटली ती फुटलीच. 314 ला आर्ल (आजच्या फ्रान्समध्ये) इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की अशा बिशपाने दिलेली पाळकपदाची दीक्षा तरी रद्द होत नाही. मामाला परत कोणी आणलं सांगू? त्याच काकांनी. घरी गेले, शेजारी बसले, रविवारी सोबत घेऊन आले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलेलं नाही.

———

खिडकीबद्दल. जपानमध्ये 1614 ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे. नागासाकीच्या आसपासची कितीतरी कुटुंबं पाय ठेवायची आणि घरी येऊन क्षमा मागायची. पाद्री नाहीत, पुस्तकं जवळपास नाहीत, बाप्तिस्मा गावातलीच माणसं द्यायची, प्रार्थना तोंडपाठ. 1865 ला नागासाकीतल्या ओउरा चर्चमध्ये त्यांच्यातले काही जण आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. म्हणजे पिढ्यानपिढ्या खिडकी बंदच होती. त्यांना भित्रे म्हणायची माझी हिंमत नाही.

———

मी जरा कडू बोलते. रविवारची सुट्टी नाकारली की लगेच ‘माझा छळ होतोय’ असं नको. येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या पत्रात स्पष्ट लिहितो की चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नका. आमच्या ऑफिसातले एक बंधू कामाच्या वेळात पत्रकं वाटायचे, मेमो आला तर म्हणे साक्ष दिल्याची शिक्षा. अहो नाही, काम न केल्याची!

———

ताई बरोबर. पण खरंच अन्याय असेल तर गप्प बसणं म्हणजेच नम्रता असंही नाही. बायबलमध्ये आहे, फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशी न करता फटके मारले आणि सकाळी गुपचूप जा म्हणाले, तर हा गेला नाही, आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं म्हणाला. आले बिचारे. आमच्यावर वेळ आली तेव्हा आम्हीही नोटीस लेखी मागितली, ती द्यायलाच कोणी तयार होईना आणि प्रकरण तिथेच थंडावलं. दर वेळी असं होईलच असं नाही, म्हणून वकील आधीच बघून ठेवा, नंबर फक्त पाळकांच्या मोबाईलमध्ये नको, कारण पहिला मोबाईल त्यांचाच काढून घेतात.