तेरा ते सतरा वर्षांच्या पियानोवादकांना बाद फेऱ्या कशाला?

काळी पाच :
डॅलसला राहायला आल्यापासून क्लायबर्नच्या ज्युनिअर पियानो स्पर्धेवर माझं लक्ष असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५८मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, टेक्ससमध्ये वाढलेल्या व्हॅन क्लायबर्नने मॉस्कोची पहिली चायकॉव्हस्की पियानो स्पर्धा जिंकली. त्याच्या नावाने १९६२पासून शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये मोठ्यांची स्पर्धा होते. १३ ते १७ वर्षांच्या मुलांची वेगळी स्पर्धा २०१५ला सुरू झाली. २०१९ आणि २०२३ला ती डॅलसला झाली. सोबत मास्टरक्लास वगैरे महोत्सवही असतो. पण कणा स्पर्धेचाच. फेरीगणिक मुलं गळत जातात आणि शेवटी तिघंच डॅलस सिम्फनी या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतात.

माझं म्हणणं, महोत्सव ठेवा आणि गळती बंद करा. मुलगा स्टेजवर येतो, बाकाची उंची खालीवर करतो, रुमालाने पट्ट्या पुसतो आणि पाचेक मिनिटांत अनोळखी पियानोशी जुळवून घेतो. मग वीसेक मिनिटांच्या वादनावर निकाल. याचा परिणाम वाजवण्यावर होतोच. लिस्ट, रखमानिनॉफ यांच्या अवघड रचना, वेगवान एट्यूड (कौशल्याचा कस लावणाऱ्या छोट्या रचना) यांची रांग लागते. शूबर्टचा संथ सोनाटा निवडायची हिंमत फार थोडी मुलं करतात, कारण चूक लपत नाही आणि टाळ्याही कमी. ज्या वयात सूर शोधायचा, त्या वयात आपण त्यांना न चुकायला शिकवतोय.

धैवत :
अजिबात सहमत नाही. क्लेटन स्टीफन्सनचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कचा मुलगा, घरी सिंथेसायझरवर सराव. पुढे एका शाळेने टाकून दिलेला जुना पियानो त्याला रस्त्यावर सापडला, त्यावर त्याने सहा वर्षं रियाज केला. २०१५च्या ज्युनिअर स्पर्धेत तो होता आणि २०२२ला मोठ्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. महोत्सवांना बहुधा फी असते, वर ओळखी लागतात. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला स्पर्धेइतकं उघडं दार दुसरं कुठलं? २०१५चा विजेता अलीम बेइसेम्बायेव कझाकस्तानचा. त्याने २०२१ला इंग्लंडमधली लीड्सची मोठ्यांची पियानो स्पर्धा जिंकली. गळती आहे म्हणूनच त्या व्यासपीठाला वजन आहे.

काळी पाच :
स्टीफन्सनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. २०१५ला तो पहिल्या तिघांत नव्हता, त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. त्याला वर आणलं ते न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेच्या गरजू मुलांसाठीच्या वर्गाने आणि शिक्षकांनी. स्पर्धेत उपयोग झाला असेल तर तो जाणकारांनी ऐकण्याचा. त्याला क्रमांक कशाला हवा?

धैवत :
जाणकार तिथे आले कशासाठी? निकाल द्यायचा म्हणून! निकाल काढून घ्या, ते येणार नाहीत आणि सभागृहही भरणार नाही.

पुण्याची पियानो-बाई :
तुम्ही दोघं शिखरावरचं बोलताय. पायथ्याचंही ऐका. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं घरी डिजिटल कीबोर्डवर वाजवतात, काहींचा तर ६१ पट्ट्यांचा. क्लासमधला खरा पियानो पावसाळ्यात हवा दमट झाली की सूर चढून बेसूर होतो आणि चांगला ट्यूनर मिळायला वाट बघावी लागते. कीबोर्डवर सराव केलेलं मूल खऱ्या पियानोसमोर बसलं की पट्टी जड लागते. पेडल अर्धं दाबल्यावर सूर कसा धूसर होतो ते त्याने कधी ऐकलेलंच नसतं.

आपल्याकडे स्पर्धेच्या जागी परीक्षा आहेत. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षेत १५०पैकी १०० गुणांना उत्तीर्ण, १३०ला डिस्टिंक्शन. एकाचे वाढले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाहीत. काळी पाच, तुम्हाला हवी तशीच व्यवस्था ना? तरी सांगते, त्याने मुलं आणखी एकटी पडतात. वर्षभर तीनच रचना घोटायच्या, बंद खोलीत एका परीक्षकापुढे वाजवायच्या आणि घरी यायचं. शेजारच्या मुलीने तीच रचना कशी वाजवली हे कुणालाच कळत नाही. स्पर्धेत निदान सगळे एका सभागृहात बसून एकमेकांना ऐकतात. मला ती हवी आहे, गळतीसकट.

मींड :
पोलंडमध्ये वॉर्साला मोठ्यांची शोपाँ पियानो स्पर्धा होते. १९८०ची बहुतेकांना इव्हो पोगोरेलिच या स्पर्धकामुळे आठवते. त्याला अंतिम फेरीआधीच वगळलं, म्हणून नामवंत पियानोवादक मार्था आर्गेरिचने परीक्षक मंडळ सोडलं. स्पर्धाविरोधक हा दाखला नेहमी देतात. पण जिंकलं कोण ते बघा. हनोईचा डांग थाई सोन, युद्धाच्या धामधुमीत वाढलेला. त्या अंतिम फेरीआधी त्याने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलेलंच नव्हतं. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला आशियाई. पुढे तो गुरू झाला; २०२१चा विजेता ब्रूस लिऊ आणि २०२५चा एरिक लू हे दोघे त्याच्याकडे शिकलेले. स्पर्धा नसती तर ही परंपरा कुठून सुरू झाली असती?

काळी पाच :
मींड, डांग थाई सोन तेव्हा २२ वर्षांचा होता. शोपाँ स्पर्धेत सोळाच्या आतल्यांना प्रवेशच नाही. मोठ्यांच्या स्पर्धा बंद करा असं मी म्हणतच नाही. तेराव्या वर्षी बाद होणं आणि बाविसाव्या वर्षी बाद होणं यात फरक आहे, एवढंच.

पियानो-बाई, तुमचा मुद्दा मनापासून पटला. एकमेकांना ऐकणं हेच मला वाचवायचं आहे. पण बाद झाल्या दिवशी ते मूल पुढच्याचं वादन कोणत्या मनाने ऐकत असेल?

पुण्याची पियानो-बाई :
काही मुलं रडतात, काही त्याच संध्याकाळी पुढच्या रांगेत जाऊन बसतात. दोन्ही पाहिलंय. रडलेल्या मुलाला दोन दिवसांनी पुन्हा स्टेजवर बसवलं की ते सावरतं. आयोजकांनी एवढं केलं तरी पुरे.

धैवत :
हे मान्य. पण क्रमांक हवाच. आणि गळती बंद केली तर ऑर्केस्ट्रा सगळ्यांना कसा देणार? तालमीचे तास, वादकांचं मानधन, सभागृहाचं भाडं. हिशोब मांडा.

काळी पाच :
मांडते. शोपाँचे दोन्ही कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना) स्ट्रिंग क्विंटेटबरोबर, म्हणजे पाच तंतुवाद्यांबरोबरही वाजवले जातात. पाच वादक, एका मुलाला कॉन्चेर्टोच्या एका भागातली दहा मिनिटं. चोवीस मुलं धरली तर चार तास, म्हणजे दोन संध्याकाळी. तालमीला आणखी दोन दिवस धरा. अंतिम फेरी तिघांचीच हवी तर राहू दे, पण या दोन संध्याकाळी त्याआधी हव्यात आणि सगळ्यांना हव्यात. आयोजकांना मी हे लिहून पाठवणार आहे. मसुदा उद्या इथेच टाकते, धैवत, मानधनाचे आकडे तुम्ही तपासा.