'सेल्फ-कम्पॅशन'ला मराठीत काय म्हणावं?

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी चार पानी पत्रक मराठीत करून देतोय. विषय असा, की आपण कसे दिसतो यावरून मन खात राहतं, त्यावर सेल्फ-कम्पॅशन हा उपाय. बाकी सगळं झालं, पण नेमके हेच शब्द अडलेत.

आधी 'आत्मकरुणा' लिहिलं आणि भाचीला वाचायला दिलं. ती एकोणीस वर्षांची. एक फोटो टाकायचा तर अठरा काढते आणि सतरा पुसते. म्हणाली, "मामा, प्रवचनाचं पत्रक आहे का हे?" मग 'स्वतःविषयी दया' केलं. त्यावर, "म्हणजे बिचारी मी?"

कल्पना साधी आहे. लग्नाला निघताना मैत्रिणीच्या नाकावर पुटकुळी दिसली तर आपण म्हणतो, "अगं, कुणाच्या लक्षातसुद्धा यायची नाही." तीच स्वतःच्या नाकावर असली की आरशासमोर "शी, काय थोबाड आहे!" पहिलं वाक्य स्वतःला म्हणता येणं, एवढंच. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये ते मोजायला २६ विधानांची प्रश्नावली केली. त्यात तीन धागे आहेत : स्वतःशी मायेनं वागणं, हे आपल्या एकट्याच्याच नशिबी नाही हे ओळखणं, आणि वाईट वाटतंय याचं भान ठेवून त्यात वाहून न जाणं.

सुचवा काही.

प्रतिसाद

भाची बरोबर बोलली. मराठीत करुणा 'भाकतात', आणि तीही देवापुढे. रामदासांची करुणाष्टकं पाठ असलेल्या घरात या शब्दाला उदबत्तीचा वास येणारच. दया वरून खाली येते : देवाची, धन्याची, सावकाराची. कीव तर त्याहून वाईट, "तुझ्या अकलेची कीव येते" ही शिवी आहे. आरशातल्या माणसाला यातलं काहीही दिलं तरी तो आणखी लहानच होणार.

गंमत अशी, की नेफबाईंनी ही कल्पना बौद्ध विचारातून उचलली. मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद), उपेक्खा (समभाव) हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनात जोपासायच्या चार भावना. आणि मेत्ताभावना करताना परंपरेनं सुरुवात स्वतःपासूनच करतात. म्हणजे शब्द इथलाच, अमेरिकेला जाऊन आला आणि आता दारात ओळख देत उभा आहे. तरी पत्रकात नकोच.

प्रतिसाद

दुसऱ्या शब्दाचं, म्हणजे दिसण्यावरून मन खात राहतं त्याचं, काय केलंत? 'दिसण्याची काळजी' असं लिहिलं असेल तर बदला. काळजी 'घेणं' वेगळं आणि काळजी 'करणं' वेगळं. "ती चेहऱ्याची फार काळजी घेते" म्हणजे हळद-बेसन लावते. "फार काळजी करते" म्हणजे वर्गात शेवटच्या बाकावर बसते. तुमच्या वाक्यात क्रियापद नसेल तर वाचणारा फेसवॉशकडे जाईल.

न्यूनगंडही नको, तो मुरलेला असतो. मुलांना होतं ते बाहेर पडायच्या आधी, कुणीतरी बघेल म्हणून. त्याला आम्ही घरात 'धास्ती' म्हणतो. 'दिसण्याची धास्ती' करा.

आणि ही धास्ती नुसती मोबाइलनं आणलेली नाही. लग्नाच्या जाहिरातीत 'निमगोरी' हा शब्द मोबाइलच्या आधीचा. फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, आपल्या मावश्यांनी 'उजळ' काढलेलं नाही. मुलांचंही तेच. मी बारावीपर्यंत घरी 'पाप्याचं पितर' होतो. प्रेमानंच म्हणायचे. अजून हाफ टी-शर्ट घालत नाही.

प्रतिसाद

माझ्या मते शब्द आपल्याकडे आहे, फक्त तो नाम नाही. सांभाळून घेणं.

लेक सासरी निघताना आई विहिणीचे हात धरून म्हणते, "काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या." त्यात दया नाही, कौतुकही नाही. चूक होणार हे धरलेलंच आहे. झाली तरी माणूस आपला, एवढं मागणं. पत्रकाला हवं ते हेच.

बघा, 'स्वतःला सांभाळ' म्हटलं की अर्थ उलटा होतो : रडू नको, तोल जाऊ देऊ नको. पण त्याला 'घे' जोडलं की हात पुढे येतो. 'स्वतःला सांभाळून घे' असं आपण सहसा म्हणत नाही. सांभाळून घ्यायचं ते दुसऱ्यानं, अशी आपली समजूत. म्हणूनच वाक्य कानाला जरा अडखळतं. अडखळू द्या.

प्रतिसाद

एक शंका. कंत्राटदारही फाइल पुढे सरकवून म्हणतो, "जरा सांभाळून घ्या साहेब." म्हणजे बघूनही न बघणं. मुलं तसा अर्थ घेतील. अभ्यास नाही केला, स्वतःला सांभाळून घेतलं!

आमच्या वऱ्हाडात "जिवाले लावून घेऊ नको" म्हणतात. पण त्यात 'नको' आहे. काय करायचं ते सांगत नाही, हे मान्य.

प्रतिसाद

कंत्राटदाराची शंका खरी. पण तो दोष लपवायला सांगतो, आई दोष धरूनच बोलते. शेजारी पुटकुळीचं उदाहरण असेल तर गोंधळ होणार नाही. नुसता शब्द मथळ्यात टांगला तर होईल.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'दिसण्याची धास्ती' लगेच घेतला. 'सांभाळून घेणं' भाचीला वाचून दाखवलं, काही न सांगता. म्हणाली, "आजी म्हणते तसं? भाजीत मीठ जास्त पडलं की?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनंच पेन्सिलीनं 'सांभाळून घे'च्या आधी 'आज' घातलं. मी ते खोडलेलं नाही.

मथळा नामच हवा असा कॉलेजचा आग्रह आहे, तेवढ्यापुरतं 'सेल्फ-कम्पॅशन' देवनागरीत ठेवतोय. आत सगळीकडे क्रियापद. 'पाप्याचं पितर'वाल्यांनी परवानगी दिली तर ते उदाहरण नावाशिवाय वापरीन. मुलग्यांसाठी माझ्याकडे एकही नव्हतं.